तिसऱ्या रांगेतला आमेन

१

ॲन्सेल्म सुतार काम करताना घड्याळ बघत नसे. जावयाने दिलेलं एक होतं, ते कपाटात पडलेलं होतं. लाकडाचा सरस धरायला किती वेळ लागतो, हे त्याला ‘नमो मारिये’ प्रार्थना मोजून ठाऊक होतं. खुर्चीच्या पायाला इतक्या, दाराच्या चौकटीला तितक्या. फळी शिकंज्यात आवळायची, हात तिच्यावर ठेवायचा आणि तोंडाने प्रार्थना सुरू करायची. बापाने तसंच शिकवलं होतं, आणि बापाने बसवलेलं एकही दार नंदाखाल गावात अजून हललेलं नव्हतं.

पण प्रार्थना तो, आपल्या खरखरीत आवाजात, अर्धीच म्हणायचा. घरी संध्याकाळी रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, होते तेव्हा घरचा कर्ता येशूच्या नावापर्यंतचा पहिला अर्धा भाग म्हणतो आणि बाकीचे दुसऱ्या अर्ध्याने उत्तर देतात. लग्न झालं त्या दिवसापासून ॲन्सेल्मच्या घरात उत्तर क्लेमेंटीनचं. पोरं झाली, मोठी झाली, लेक बेला गावातच सासरी गेली; उत्तर क्लेमेंटीनचंच राहिलं. त्यामुळे कामावर एकटा असला तरी ॲन्सेल्म आपला अर्धा भाग म्हणून थांबायचा. उत्तराएवढी जागा सोडायचा. मग पुढचा मणी. त्या मोकळ्या जागेसकट त्याचं माप होतं.

क्लेमेंटीनच्या उत्तराची गावात थट्टा व्हायची. ती सगळ्यांबरोबर सुरू करायची, पण शेवटचा आमेन तिचा मागे राहायचा, लांबायचा. देवळातले सगळे गप्प झाल्यावर तो एकटा यायचा, गोठ्यात शेवटी शिरणाऱ्या म्हशीसारखा. शेजारीण बेटी म्हणायची, “फादर वेदीवरून उतरून चहाला बसतात, तेव्हा आमच्या क्लेमेंटीनबायचा आमेन पोचतो.” क्लेमेंटीन हसायची. सुधारायची नाही.

त्या वर्षी मे महिन्यात आगाशीच्या विद्याधरने ॲन्सेल्मला बोलावलं. विद्याधरच्या केळीच्या वाड्या होत्या. दोन वर्षं भाव बरा आला, तेव्हा त्याने घाटावरून एक जुनी बस घेतली. बाहेरून निळा रंग मारून तिच्यावर ‘व्हिडिओ कोच’ असं लिहून घेतलं. आत ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर लोखंडी चौकटीत एक टीव्ही टांगलेला होता. तो बसबरोबरच आला होता. त्याचं चित्र गेलं होतं. आवाज तेवढा यायचा.

“मामा, जुना टीव्ही काढायचा आणि नवा बसवायचा,” विद्याधर म्हणाला. “रंगीत आणलाय. तासाभराचं काम.”

“तासाभराचं असेल तर तू कर.”

विद्याधर हसला. लहानपणापासून त्याला या म्हाताऱ्याच्या शिव्या गोड वाटत. “रविवारी गाडी वेलंकनीच्या यात्रेला निघायची आहे. तुमच्याच गावची माणसं. आमच्या क्लेमेंटीन मावशींचं नावही आहे. तिसरी रांग, खिडकी. त्यांना गाडी लागते म्हणून मुद्दाम ठेवलीय.”

हे ॲन्सेल्मला ठाऊक होतं. बेलाचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी उभा राहत नव्हता. क्लेमेंटीनने वेलंकनीच्या मातेला नवस केला होता, की पोर चाललं तर मेणाचा पाय घेऊन मी स्वतः येईन. नाताळापासून पोर वाडीभर धावत होतं. मेणाचा पाय कागदात गुंडाळून घरच्या देव्हाऱ्याच्या, आल्तारच्या, मागे ठेवलेला होता. ती जन्मात कधी आगाशीच्या पलीकडे गेली नव्हती. महिनाभर आधी तिने पिशवी भरून ठेवली होती.

“चौकट बदलावी लागेल,” ॲन्सेल्म म्हणाला. “नवा मोठा आहे. लोखंडावर नुसता ठेवलास तर खड्ड्यात पॅसेंजरच्या डोक्यात जाईल. लाकडाची पेटी करून देतो.”

२

बस विद्याधरच्या खळ्यात आंब्याखाली उभी होती. खळ्यात चटयांवर सोललेल्या केळ्यांची सुकेळी वाळत घातली होती, आणि त्या गोड वासाने माश्या गोळा झाल्या होत्या. दुपारची वेळ. ड्रायव्हर व्हिन्सेंट मदतीला होता. दोघांनी मिळून जुना टीव्ही उतरवला. तो दिसण्यापेक्षा जड निघाला.

“मामा, यात दगड भरलेत का काय?”

“तू खालचं टोक धर. बोलू नको.”

त्यांनी तो बाहेर नेऊन विद्याधरच्या ओट्यावर ठेवला. व्हिन्सेंट जेवायला गेला आणि ओट्यावरच आडवा झाला. ॲन्सेल्म एकटा बसमध्ये परतला. आत पत्रा तापून टिकटिक वाजत होता. सीटांवर प्लॅस्टिकची आवरणं होती. खिडक्यांचे पडदे ओढलेले, त्यामुळे उजेड तांबूस होता.

त्याने लोखंडी चौकट सोडवली, भोकं बुजवली. गिरमिटाने नवी भोकं पाडली. सागाच्या पट्ट्या तो घरून रंधून घेऊन आला होता. पहिली पट्टी त्याने सरस लावून फळीवर दाबली, तळहात तिच्यावर ठेवला आणि सुरू केलं. तोंड फळीकडे, पाठ सगळ्या सीटांकडे.

पहिली झाली. दुसरी झाली. उन्हाने डोळा जड झाला होता. हात दाबलेला, तोंड आपोआप चाललेलं. एक पट्टी धरली, त्याने दुसरी लावली. पुन्हा सुरू केलं.

बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आलं, की आज जागा मोकळी राहत नाहीये.

केव्हापासून, ते त्याला सांगता आलं नसतं. तो म्हणत होता आणि उत्तर येत होतं. पुष्कळ माणसांचं, देवळात येतं तसं, एकमेकांत मिसळलेलं. इतकं सवयीचं की कान त्याच्यावरून घसरून गेला होता. ॲन्सेल्मने म्हणायचं थांबवलं नाही. हाताखालची पट्टी ओली होती. सोडली असती तर सरकली असती. त्याने आपला भाग म्हटला. येशूच्या नावापाशी थांबला.

मागून उत्तर आलं. “...आता व आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. आमेन.”

आणि सगळं शांत झाल्यावर, जरा उशिराने, लांबलेला, एकटा एक आमेन.

त्याने मान वळवली. रिकाम्या सीटा. प्लॅस्टिक. मधली वाट मागच्या काचेपर्यंत मोकळी.

पहिला विचार त्याच्या डोक्यात आला तो जुन्या टीव्हीचा. चित्र गेलंय, आवाज तेवढा येतो. कुठलं तरी केंद्र लागलं असेल. मग त्याला आठवलं, टीव्ही ओट्यावर आहे. तिथे व्हिन्सेंट त्याच्यावर पाय टाकून झोपला होता, आणि टीव्हीची वायर त्याच्याच पायाशी लोळत होती.

ॲन्सेल्मने पट्टी धरून ठेवली. पण उरलेला वेळ तो तोंड मिटून उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला सरस कधी धरला ते कळलं नाही.

३

घरी आला तेव्हा क्लेमेंटीन विहिरीवर भांडी घासत होती. तो जरा वेळ उभा राहून बघत राहिला.

“काय बघताय?”

“काही नाही.”

“मग पाय धुवा.”

संध्याकाळी दोघं आल्तारपुढे गुडघे टेकून बसली. तो म्हणाला, तिने उत्तर दिलं. आमेन लांबला. तोच. सुताराला आपल्या हातचा सांधा अंधारातही बोटाने कळतो, तसा त्याला तो कळला.

मनाशी त्याने हिशेब घातला. तापलेला पत्रा, बंद जागा, चाळीस वर्षांची सवय. कानाला जे रोज मिळतं ते कान स्वतःच भरून घेतो. म्हातारपण. त्याला हे पटलं, आणि तो झोपला.

दुसऱ्या दिवशी नवा टीव्ही बसवायचा होता. पेटी चांगली झाली होती. व्हिन्सेंट आणि विद्याधरने मिळून टीव्ही उचलला, ॲन्सेल्मने आत सरकवला आणि बोल्ट आवळले. टीव्ही असा बसला की हलवला असता तर बस हलली असती.

“आता चालू करून बघू,” विद्याधर म्हणाला.

“पुढची पट्टी राहिलीय. मग काय तो तमाशा कर.”

ते दोघे वायर आणायला गेले. ॲन्सेल्मने पुढची बारीक पट्टी लावली आणि दाबून धरली. आता त्याच्या तोंडापुढे फळी नव्हती, काच होती. टीव्ही बंद होता. काच फुगीर, राखी रंगाची, आणि तिच्यात अख्खी बस लहान होऊन दिसत होती. दोन्ही बाजूच्या सीटा, मधली वाट, मागची खिडकी. पुढे त्याचं स्वतःचं डोकं मोठं, सुजल्यासारखं.

आज तो मुद्दाम परीक्षा घेणार होता. “कोण आहे?” तो मोठ्याने म्हणाला. काही नाही. खाकरला. काही नाही. पत्रा टिकटिकला.

मग त्याने नमो मारिये सुरू केली. येशूपाशी थांबला.

उत्तर आलं.

या वेळी त्याने मान वळवली नाही. काचेत बघत राहिला. सीटा दिसत होत्या, त्यांची पाठ टेकायची बाजू, तिच्यावरचं प्लॅस्टिक. तिसऱ्या रांगेत खिडकीशी काहीतरी पांढरं होतं. पडद्याच्या फटीतून ऊन आत येत असेल. ऊन प्लॅस्टिकवर पडलं की पांढरं दिसतंच. एवढा विचार होईतो बाकीचे आवाज संपले आणि तो मागे राहिलेला आमेन आला. आमेनबरोबर ते पांढरं किंचित खाली वाकलं. प्रार्थना संपताना डोक्यावर शाल घेतलेली बाई मान लववते, तितकंच.

तो वळला. पडदा बंद होता. फट नव्हती.

विद्याधर वायर घेऊन चढला. “काय मामा, झाली पट्टी?”

ॲन्सेल्मचा हात पट्टीवरून निघाला होता. पट्टी तिरकी सरकून तशीच चिकटली होती. विद्याधरला ते दिसलं. पण त्या माणसाला चूक दाखवायची कुणाची छाती होती?

४

“जायचं नाही,” त्याने शनिवारी सांगितलं.

क्लेमेंटीन भाकऱ्या बांधून घेत होती. “कुठे?”

“वेलंकनीला.”

तिला आधी ती थट्टा वाटली. मग तिने त्याच्याकडे बघितलं. “का?”

“गाडी बरोबर नाही.”

“गाडीचं काय झालं? ब्रेक गेला? मग बाकीच्यांना का नाही सांगत? बेटी जातेय, तिची सासू जातेय. त्यांनी मरावं?”

ॲन्सेल्म काय सांगणार होता? रिकाम्या गाडीत तू आमेन म्हणालीस, असं? आयुष्यभर भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना त्याने ओट्यावरून हाकलून दिलं होतं.

“नवस माझा आहे,” ती म्हणाली. “पोराच्या पायाचा आहे. त्याच्याशी खेळू नका.”

“पुढच्या वर्षी जा. आगगाडीने. मी नेतो.”

“चाळीस वर्षांत वसईला नेलं नाहीत तुम्ही मला.”

“जायचं नाही म्हटलं ना.”

भाकऱ्यांचं फडकं सोडून तिने भाकऱ्या पुन्हा टोपलीत ठेवल्या.

रविवारी सकाळची मिसा-प्रार्थना झाल्यावर बस देवळापुढून भरली आणि माणसांना घेत घेत ॲन्सेल्मच्या फाटकाशी आली. व्हिन्सेंटने भोंगा वाजवला. क्लेमेंटीन धुतलेलं लुगडं नेसून, पांढरी शाल डोक्यावर घेऊन फाटकाशी उभी होती. ॲन्सेल्मने फाटकाची कडी धरून ठेवली होती. तिने ती ओढून बघितली नाही. कागदात गुंडाळलेला मेणाचा पाय तिने खिडकीतून बेटीच्या हाती दिला.

“मातेला सांग,” ती म्हणाली, “मी येत होते.”

“तुझी जागा रिकामीच ठेवतो गं,” बेटी म्हणाली. “तिथे कोणाला बसू देत नाही.”

प्रवासाला निघताना पहिलं चाक फिरतं तेव्हा रोजरी सुरू करायची, ही आमच्याकडची रीत. बेटीच्या सासूने आतून सुरू केली. गाडीतल्यांनी उत्तर दिलं, आणि फाटकाशी उभ्या क्लेमेंटीननेही दिलं. सवयच ती. बस हलली. दुसरा मणी. ती गाडीबरोबर फाटकाच्या आतून चार पावलं चालली, म्हणत म्हणत, कुंपण संपेपर्यंत.

“...आता व आमच्या मरणाच्या वेळी...”

ॲन्सेल्म तिच्याकडेच बघत होता. आमेनसाठी तिचं तोंड उघडलं. पण आमेन आला तो बसमधून. बस वळणावर पोचली होती, धूळ उडाली होती, आणि त्या धुळीतून तो लांबलेला, सगळ्यांच्या मागे राहिलेला आमेन त्याने स्पष्ट ऐकला. क्लेमेंटीनचं तोंड उघडंच होतं. तिने ते मिटलं आणि गळ्याला हात लावला.

५

घसा बसला, असं बेला म्हणाली. धुळीने बसतो. मध-हळद झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. वसईच्या डॉक्टरने बॅटरीचा उजेड टाकून बघितलं. “घसा साफ आहे,” तो म्हणाला. “आजी, आ करा बघू.” तिने आ केला. आवाज म्हणून नव्हता. श्वाससुद्धा आवाज न करता येत-जात होता.

तिने कसली तक्रार केली नाही. काम करत राहिली. पण घर बदललं. ॲन्सेल्मला आजवर वाटायचं की बायको फार बोलते. आता त्याला कळलं, की घरातलं कुठलं भांडं कुठे आहे, कोंबड्या आल्या का, पाऊस कधी पडेल, हे सगळं तो त्या आवाजावरून ओळखत होता. आता ती मागे येऊन उभी राहिली तरी त्याला कळत नसे. तो दचकायचा. नातू आजीकडे जायला बिचकू लागला. “आजी रिकामी झाली,” असं काहीसं तो म्हणाला, आणि बेलाने त्याला चापट मारली.

सगळ्यात वाईट संध्याकाळ. तो आपला भाग म्हणायचा. तिचे ओठ हलायचे. उत्तराएवढी जागा तशीच मोकळी पडून राहायची, आणि तेवढ्या वेळात त्याला उगाच वाटायचं, की कुठेतरी, शेकडो मैलांवर, ती भरली जातेय.

गाडी परत आली. सगळी माणसं सुखरूप, उन्हाने काळी पडलेली, हसणारी. बेटी मेणबत्त्या आणि पवित्र तेलाची बाटली घेऊन आली.

“तुझा पाय मी स्वतः मातेच्या पुढ्यात ठेवला,” ती क्लेमेंटीनला म्हणाली. “आणि ऐक गंमत. तुझी जागा आम्ही रिकामी ठेवली होती ना, तर येता-जाता प्रत्येक रोजरीला आम्हाला वाटायचं, तू तिथे आहेस. सगळ्यांचं झालं की मागून तुझा तो आमेन. व्हिन्सेंटला पण ऐकू आला. तो म्हणाला, मावशीला घरी ठेवली तरी आमेनने तिकीट काढलं.”

ती हसली. मग क्लेमेंटीन हसत नाही हे तिच्या ध्यानात आलं. क्लेमेंटीन मान वर करून ॲन्सेल्मकडे बघत होती. रागाने नाही. लहान पोर आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात बघतं, तशी.

बेटी गेल्यावर तो ओट्यावर एकटा बसला. त्याने गाडीत ऐकलं होतं ते काय होतं? बाई आपल्या जागेवर बसून प्रार्थना म्हणत होती, एवढंच. देवाला जाताना. बरी, धडधाकट. यात वाईट काय होतं? तिला चढू दिलं असतं तर जी गेली असती तीच परत आली असती, अख्खी.

कडी त्याने धरली होती.

६

“त्या पेटीची पट्टी तिरकी बसलीय,” तो विद्याधरला म्हणाला. “नीट करून देतो.”

“मामा, तुमच्या तोंडून हे ऐकायला मिळालं, मी धन्य झालो.”

दुपार होती. बस त्याच आंब्याखाली. व्हिन्सेंट विहिरीवर अंगाला साबण लावत होता. ॲन्सेल्म हत्यारांची पेटी घेऊन चढला आणि दार ओढून घेतलं. पटाशीला हात लावला नाही. टीव्हीपुढे उभा राहिला, काचेत बघितलं आणि सुरू केलं.

या वेळी उत्तराला गर्दी नव्हती. बाकीची माणसं आपापल्या घरी उतरली होती. एकच आवाज होता, बारीक, थकलेला, तिसऱ्या रांगेतून.

“क्लेमेंटीन,” तो काचेकडे बघत म्हणाला. “उतर. घरी चल.”

काही नाही.

“माझं चुकलं,” असं त्याने आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. तेही म्हटलं. काही नाही. तो आवाज प्रार्थनेशिवाय कशालाच ओळखत नव्हता.

काचेत खिडकीशी ते पांढरं होतं. शेजारची जागा मोकळी होती. एकटी बाई दूरच्या गावाहून कशी उतरेल? तिला कुणी आणायला नको? चाळीस वर्षं तिने एकटीने गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, आणि ते कुणामुळे, हे त्याला ठाऊक होतं.

तो काचेवरची नजर न हलवता मागे मागे सरकत गेला. तिसऱ्या रांगेशी आला आणि मधल्या वाटेकडच्या सीटवर बसला. खिडकीकडे बघितलं नाही. अंगाला कुणाचा स्पर्श नव्हता. प्लॅस्टिक गरम होतं. फक्त खोबरेल तेलाचा आणि कापूर घातलेल्या पेटीतल्या लुगड्याचा वास होता.

त्याने आपला भाग म्हटला. उत्तर कानाशी आलं. पुन्हा म्हटला. पुन्हा आलं. शेवटी शेवटी आवाज भरत गेला, घरी यायचा तसा झाला.

“चल,” तो म्हणाला आणि उठला.

मधल्या वाटेने तो पुढे आला. मागे पावलं वाजतात का, ते ऐकत. वाजत नव्हती, पण तेलाचा वास बरोबर येत होता. त्याने दार उघडलं आणि बाजूला सरून उभा राहिला, बाईमाणसाला वाट देतात तसा. वास त्याच्या पुढून बाहेर गेला. आंब्याखाली सुकेळ्यांचा वास होता, त्यात मिसळला.

मग त्याने एकदाच वळून काचेत बघितलं.

खिडकीची जागा रिकामी होती. तिच्या शेजारच्या सीटवर एक माणूस बसलेला होता. पांढरे केस, रुंद खांदे. तोंड दिसण्याइतकी काच मोठी नव्हती. ॲन्सेल्म पायरीवर उभा होता. त्याचा एक हात दाराच्या दांड्यावर होता. काचेतला माणूस बसूनच होता.

आणि सीटांकडून प्रार्थनेचा पहिला भाग सुरू झाला. खरखरीत आवाज, कुणाची वाट न बघणारा. येशूपाशी तो थांबला. उत्तराएवढी जागा सोडून.

उत्तर द्यायला आता गाडीत कुणी नव्हतं.

जागा मोकळी पडून राहिली. ॲन्सेल्मला ती सहन होईना. घरी इतके दिवस त्याने तीच सहन केली होती. त्याने तोंड उघडलं, आणि जन्मात कधी न म्हटलेला तो दुसरा अर्धा भाग म्हटला. आता व आमच्या मरणाच्या वेळी. आमेन.

तो उतरला आणि मागे न बघता घरचा रस्ता धरला. हत्यारांची पेटी बसमध्ये राहिली. असं आजवर कधी झालं नव्हतं.

७

“पाय धुवा आधी,” क्लेमेंटीन अंगणातून म्हणाली.

म्हणाली आणि स्वतःच थबकली. हातातली कळशी खाली ठेवून तिने गळ्याला हात लावला. मग, “कोंबडीला हाकला, कोंबडीला,” असं उगाचच म्हणून बघितलं, आणि रडायला लागली. रडण्यालाही आवाज होता. बेला धावत आली. नातू आजीच्या लुगड्यात शिरला. बेटी कुंपणावरून ओरडली, “तेल लावलंस ना? वेलंकनीचं तेल!”

ॲन्सेल्म पायरीवर बसला होता. सगळे त्याच्याशी बोलत होते. तो मान हलवत होता. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. तो कधी फारसं बोलतच नसे.

दिवेलागणीला बेला पोराला घेऊन गेली. क्लेमेंटीनने आल्तारपुढे मेणबत्ती लावली आणि शाल डोक्यावर घेतली. दोघं गुडघे टेकून बसली, खांद्याला खांदा. तिने डोळे मिटले. हातात माळ. ती वाट बघत होती.

त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. जीभ टाळूला लागली, सुटली. श्वाससुद्धा आवाज न करता येत-जात होता.

बाहेर रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज झाला. इंजिन बंद पडलं. वसईला डिझेल भरायला निघालेला व्हिन्सेंट विसरलेली पेटी द्यायला आला होता. बसचं दार उघडं टाकून तो फाटकातून आत आला. उंबऱ्याशी पोचला तेव्हा त्याला दिसलं, की घरात प्रार्थना चालू होतेय. तो पेटी हातात धरून तिथेच थांबला.

रस्त्यावरच्या अंधाऱ्या बसमधून पहिला भाग आला. खरखरीत आवाज, कुणाची वाट न बघणारा. येशूपाशी थांबला.

क्लेमेंटीनने डोळे न उघडता उत्तर दिलं. आमेन लांबवला, मन भरून.

पुढचा मणी. पुन्हा बसमधून. पुन्हा तिचं उत्तर. व्हिन्सेंटने आल्तारपुढच्या म्हाताऱ्याचं मिटलेलं तोंड बघितलं, मग वळून रस्त्याकडे बघितलं, आणि हातातली पेटी, हत्यारं वाजणार नाहीत अशी, जमिनीवर ठेवली.

तिसरा मणी संपला तेव्हा क्लेमेंटीन नवऱ्याच्या खांद्याला टेकली. डोळे मिटलेलेच होते.

“जरा जवळ या ना,” ती हळू म्हणाली. “कुठून तरी लांबून म्हणताय असं वाटतंय.”